‘सिग्नल’ शब्दाचा अर्थ शिकवणारा ड्रायव्हिंग क्लास

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको भागातील एका ड्रायव्हिंग क्लासमध्ये मी नुकतीच चारचाकी शिकले. क्लच, गिअर, रिव्हर्स हे सगळीकडेच शिकवतात आणि इथेही ते नीट शिकवले. पण या क्लासविषयी माझे मत चांगले झाले, ते सरांनी ‘सिग्नल’ या एका शब्दावर घेतलेल्या तासामुळे.

आपल्याकडे सिग्नल म्हणजे चौकच. ‘क्रांती चौकाच्या सिग्नलला उतरवा’ असे रिक्षावाल्याला सांगताना दिवा आपल्या मनातही नसतो. हा सिग्नल लागतो, सुटतो आणि लोक तो तोडतातही. रेल्वे स्टेशनवर मात्र जुनी माणसे ‘सिग्नल पडला’ म्हणत, कारण खांबावरचा आडवा हात खाली झुकला की गाडीला रस्ता मोकळा झालेला असे. सरांनी स्वतःचा हात आडवा धरून तो हळूच खाली झुकवून दाखवला, तेव्हा सिग्नल म्हणजे खांब नव्हे, दिवाही नव्हे, तर इशारा, हे मला पहिल्यांदा नीट कळले. चौकात वाहतूक पोलीस उभा असेल तर त्याचा हात हा सिग्नलच, आणि वळण्याआधी आपण लावतो तो इंडिकेटरही सिग्नलच.

तक्रार आहे ती क्लासच्या छापील पुस्तिकेविषयी. तिच्यात ‘वाहतूक नियंत्रक दिवे’ या शीर्षकाखाली पिवळ्या दिव्यासमोर ‘निघण्याची तयारी करा’ असे छापले आहे, आणि ही चूक किरकोळ नाही. आपल्याकडे पिवळा हिरव्यानंतर लागतो आणि त्याचा अर्थ स्टॉप लाइनच्या मागे थांबा असा आहे. गाडी इतकी जवळ आली असेल की एकदम थांबणे धोक्याचे ठरेल, तेवढ्यापुरतीच सूट आहे. लुकलुकणारा पिवळा असेल तर वेग कमी करून जपून जायचे. जालना रोडवर पिवळा दिसताच मी वेग वाढवला, तेव्हा सरांनी त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि म्हणाले, “ताई, हा पिवळा तुमच्यासाठीच लागलाय.” पुस्तिकेतली चूक दाखवल्यावर त्यांनी माझ्या प्रतीत पेनाने दुरुस्ती केली, पण बाकीच्या प्रती अजून तशाच आहेत.

प्रवेश घेणाऱ्यांनी संध्याकाळची बॅच मागावी. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर सिग्नलचा सराव होत नाही.