शहरात फिरणारी पिकअप: डिझेल घ्यावी की सीएनजी?

पिकअप कुठल्या कंपनीची घ्यायची हे नंतर बघता येतं. आधी इंधन ठरवावं, असं मी धंद्यातल्या ओळखीच्यांना सांगत असतो. आमचा इंदूरला काचेचा आणि अल्युमिनियम सेक्शनचा धंदा आहे, गोदाम पालद्याला. दारात दोन गाड्या उभ्या असतात. एक बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांची डिझेल, दुसरी सीएनजी. दोन्ही नव्या घेतलेल्या, साधारण एकाच वजनाच्या आणि आलटून पालटून त्याच ड्रायव्हरांच्या हातात असणाऱ्या. हौदा किती फुटी, हप्ता किती, हे शोरूमवाला तोंडपाठ सांगेल. रोज गाडी चालवल्यावर काय कळतं, तेवढंच इथे लिहितो.

ताकदीचा विषय आधी संपवतो, कारण त्यात वाद नाही. ओझं ओढायला डिझेलच सरस. टर्बोमुळे कमी आरपीएमवरच जोर मिळतो, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरला शांतपणे निघते. सीएनजीत सिलिंडरमधली हवेची थोडी जागा गॅसच घेतो, म्हणून तेच इंजिन पेट्रोलवर जेवढं ओढतं तेवढं गॅसवर ओढत नाही. पुलाच्या चढावर ड्रायव्हर एक गिअर खाली टाकतो, आवाज वाढतो, मागचा हॉर्न वाजवतो. एवढाच फरक.

पण ही ताकद तुम्हाला लागते कधी, हे ज्याने त्याने बघावं. ५ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला १२.५ किलो. सहा बाय चार फुटांची एक शीट २८ किलोच्या आसपास भरते. अशा ४० शीट काच उभी ठेवायच्या घोडीवर लावल्या की ११०० किलो झाले. आता हा माल सिमरोल, भेरूघाट उतरून बडवाह, सनावदकडे जातो, म्हणजे माळव्याच्या पठारावरून खाली निमाडात. उतरताना गाडी भरलेली, घाट चढून परत येताना रिकामी. रिकामी गाडी सीएनजीवरही घाट चढते, जरा रडत चढते इतकंच. उलट जो माणूस बुऱ्हाणपूरची केळी किंवा बेडियाची मिरची भरून वर इंदूरला आणतो, त्याने सीएनजीचा विचार करू नये असंच मी म्हणेन. त्याचा सगळा माल चढावरचा आहे. पिकअप घेताना लोक वजन विचारतात, माल कुठल्या दिशेने जातो ते विचारत नाहीत, आणि माझ्या मते अर्धा निर्णय तिथेच असतो.

आता ज्या एका गोष्टीने माझा कल ठरला, ती म्हणजे डीपीएफ, डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारी गाळणी. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं, आणि डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर ही गाळणी बसली. कल्पना उत्तम आहे. पूर्वीच्या पिकअपमागे स्कूटरवर थांबलेल्या माणसाला विचारा, तो काळा ढग आता गेला. माझी तक्रार गाळणीबद्दल नाहीच, ती साफ होण्याच्या पद्धतीबद्दल आहे. साठलेली काजळी जाळायला गाळणीत सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. त्यासाठी इंजिन स्वतःच थोडं जास्तीचं डिझेल सोडतं, पण गाडी सलग, बऱ्या वेगात चालत राहिली तरच ते काम तडीस जातं.

आमची गाडी अशी चालतच नाही. पालद्याहून नवलखा, तिथून पलासिया, तिथून विजयनगर. सिग्नल, गर्दी, साइटवर काच उतरवायला अर्धा तास, मग पुढची साइट. ओल्या लाकडावरची चूल जशी भडकतही नाही आणि धुमसायची थांबतही नाही, तसं ते इंजिन दिवसभर कोमट राहतं. आत जाळणं सुरू झालेलं असतं, त्याच वेळी साइट येते आणि ड्रायव्हर चावी काढतो. काम अर्धवट. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धवट. मग एके दिवशी डॅशबोर्डवर दिवा लागतो.

दिवा लागला की गाडी बायपासला न्यायची. आम्ही तेजाजीनगरहून राऊच्या दिशेने काढतो. एक गिअर खालचाच ठेवायचा, आरपीएम दोन हजारांच्या वर, आणि दिवा विझेपर्यंत थांबायचं नाही. कधी विझतो, कधी विझत नाही. ऐन लग्नसराईआधी, घराघरांत खिडक्या-दारांची घाई असते तेव्हा, ड्रायव्हर आणि गाडी दोघंही काहीही न पोचवता बायपासवर धावत असतात आणि इकडे गिऱ्हाईक फोनवर विचारतं, काच निघाली का? डिझेल जळतं ते वेगळंच. याचा मला खरोखर मनस्ताप होतो. एवढ्याचसाठी मी सीएनजीकडे झुकलो म्हटलं तरी चालेल.

दिवा दुर्लक्षिला तर गाडी स्वतःची ताकद कमी करून घेते, चाळीसच्या पुढे जाईना होते. मग वर्कशॉप. तिथे स्कॅनर लावून जबरदस्तीने काजळी जाळतात, आणि स्कॅनरवाला एकच असेल तर नंबर लागेपर्यंत गाडी उभी. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने पूर्वी आमच्या जुन्या गाडीचा पंप, नोझल, क्लच सगळं हाताने केलेलं आहे. या गाडीसाठी त्याला बोलावलं तर बोनेट उघडून म्हणाला, "भिया, इसमें पाना नहीं, लैपटॉप लगेगा." तीस वर्षांचा हात असलेल्या माणसाला असं मागे सरकावं लागतं, याचं मला वाईट वाटतं.

अजून एक बारीक गोष्ट, जी डिझेलवाल्याने लक्षात ठेवावीच. जाळणं वारंवार अर्धवट राहिलं की जास्तीचं सोडलेलं डिझेल थोडं थोडं खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं, बोटांवर घेतलं तर पातळ लागतं. पातळी वर गेलेली दिसली तर सर्व्हिसच्या किलोमीटरची वाट न बघता ऑइल बदलून घ्या. डीपीएफसाठी ठरवलेलं, कमी राखेचंच ऑइल घाला. आणि कुणी "गाळणी काढून टाकतो, साहेब" म्हणालं तर ऐकू नका. ते बेकायदा आहे, वॉरंटी जाते, आणि तो काळा ढग पुन्हा आपल्याच पोरांच्या नाकात जातो.

सीएनजीचे त्रास नाहीत असं मुळीच नाही. पंपावरची रांग हा मोठा त्रास. त्यातही जिथे पाइपलाइन थेट आलेली आहे तो पंप आणि जिथे सिलिंडरांची गाडी येऊन गॅस देते तो पंप, यांत फरक पडतो. दुसऱ्या ठिकाणी ती सिलिंडरांची गाडी रिकामी होत आली की दाब उतरतो आणि तुमची टाकी अर्धीमुर्धीच भरते. मे महिन्यात तर पहाटेच भरून घ्यावी. टाकी २०० बारला भरते, पण भरताना गॅस तापतो, वरून ऊन, म्हणून काटा पूर्ण दाखवला तरी किलो कमीच बसतात. आमचा ड्रायव्हर घरून येतानाच भरून आणतो, त्यामुळे मला रांग फारशी जाणवत नाही. तुमची गाडी गोदामात मुक्कामाला असेल तर जाणवेल. स्टीलच्या टाक्यांचं वजनही असतं, तेवढा माल कमी. घाटापलीकडे जायचं तर पुढचा पंप कुठे, हे आधी विचारून निघावं लागतं.

पण बिघडली तर? प्लग, कॉइल, एअर फिल्टर, गॅसचा फिल्टर, फार तर रेग्युलेटर. झटका मारते, मिसफायर होते, मिस्त्री प्लग काढून बघतो, बदलतो, गाडी कामाला लागते. गॅस कोरडा जळतो म्हणून व्हॉल्व्हचं क्लिअरन्स मात्र वेळच्या वेळी बघून घ्यावं, यात कंजुषी नको. गॅसच्या पाइपलाइनला गल्लीतल्या माणसाचा हात लागू देऊ नका, ते काम अधिकृत ठिकाणीच. बाकी दुरुस्ती मला डोळ्यांना दिसते, समजते, आणि संध्याकाळपर्यंत गाडी परत दारात असते. धंद्यात याची किंमत मायलेजच्या हिशोबात धरतच नाहीत.

हे सगळं माझ्या कामावरून. ज्याची पिकअप रोज पीथमपूरला किंवा देवासला सलग पळते, त्याच्या डीपीएफचा दिवा कदाचित कधी लागणारही नाही, आणि त्याला डिझेलच सुखाचं जाईल. काही डिझेल मॉडेलांत धूर साफ करायला युरियाचं पाणी वेगळं भरावं लागतं, तेवढं घेण्याआधी विचारून घ्या. आमच्याकडची डिझेल मी विकणार नाही, निमाडच्या फेऱ्यांना तीच जाते आणि त्या दिवशी तिचा दिवाही आपोआप विझतो. मात्र शहरासाठी पुढची गाडी घेताना मी सीएनजीच बघेन, आणि ज्याच्या दिवसभरात पाच-सहा साइट शहरातल्याच असतात, त्यानेही तेच बघावं असं मला वाटतं.

जुनी सीएनजी घेत असाल तर इंजिन ऐकण्याआधी टाकीची पट्टी, म्हणजे तपासणीची तारीख असलेली पाटी वाचा. दर ३ वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने टाकीची तपासणी, करावी लागते, तारीख उलटलेली असेल तर पंपावर गॅस देत नाहीत. टेस्टसाठी टाक्या उतरवायच्या, पाठवायच्या, परत बसवायच्या, तोवर गाडी उभी. तो खर्च आणि ते दिवस विकणाऱ्याच्या भावातून कापून मगच सौदा करा.