सात महिने सॉफ्टी मशीन वापरलं, आणि मागच्या नळीने डोकं खाल्लं

नोव्हेंबरात घेतलेलं तीन दांड्यांचं मशीन, मधली दांडी ट्विस्टची, म्हणजे दोन्ही चवी एकत्र सोडणारी. वॅट, लिटर, किंमत घेणाऱ्यांना पाठच असते. दुकान गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर. मला बोलायचंय ते मागच्या नळीबद्दल.

मशीनमधून बाहेर येणाऱ्या या बारीक नळीतून मिक्स, म्हणजे सॉफ्टीचं पातळ दुधाचं मिश्रण, ठिबकायला लागलं की समजायचं, आत ते घुसळणाऱ्या बीटरच्या शाफ्टचं मागचं रबरी सील गेलं. पलीकडे गिअरबॉक्स असतो, तिथे मिक्स जाऊ नये म्हणून गळतीला ही वाट काढून दिलेली. हे विकताना कुणी सांगितलं नाही. फेब्रुवारीत ठिबक सुरू झाली. खाली स्टीलची वाटी ठेवली आणि रोज रात्री मोजायला लागलो. आधी ५० मिली, होळीपर्यंत २००. माझं मिक्स लिटरला ९० रुपयांना पडतं, म्हणजे रोजचे १८ रुपये गटारात. बायको म्हणाली, "अठरा रुपयांसाठी झोप घालवताय!" दिवसभर वीस-वीसचे कोन विकणाऱ्याला हे ऐकवू नये.

विक्रेत्याला फोन केला. माणूस कोल्हापूरहून आंबा घाट उतरून येणार, व्हिजिटचे १,५०० वेगळे, सीलचे वेगळे. वॉरंटी? "रबरी पार्ट त्यात येत नाहीत, सर." वीस मिनिटं भांडलो, शेवटी २४० रुपयांची जोडी कुरिअरने मागवली. स्वतः बसवली. आठव्या दिवशी पुन्हा ठिबक. तेव्हा दिसेल त्याला सांगत होतो, सील भंगार आहेत, हे मशीन घेऊ नका.

ते शब्द मागे घेतो. सोबत आलेली ग्रीसची ट्यूब संपल्यावर मी खोबरेल लावत होतो. घरचं, फुकटचं. थंडीत बाटलीत गोठणारं तेल मिक्स गोठवणाऱ्या उणे तापमानाच्या सिलिंडरमागे काय करणार? काढलेल्या सीलच्या आत पांढऱ्या कण्या बसल्या होत्या आणि कड एका बाजूने झिजून पातळ झाली होती. कोरडं रबर शाफ्टवर घासत होतं, दुसरं काही नाही. मग खाण्याच्या मशीनला चालणारं सिलिकॉन ग्रीस आणलं, ३५० रुपये, जिवावर आलं. सीलच्या आत भरपूर आणि शाफ्टच्या गोल भागावर लावायचं. चौकोनी टोक कोरडं ठेवायचं. पुढच्या झाकणाचे नट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. एकच आधी गच्च केला की पुढूनही गळतं.

हवेच्या नळीचं सुख मात्र उशिरा कळलं. हॉपरमध्ये, म्हणजे वर मिक्स ओततात त्या टाकीत, उभी राहणारी ती नळी मी महिनाभर डब्यातच ठेवली होती, पॅकिंगचा तुकडा समजून! कोन दगडासारखा, वर मिक्स जास्त जायचं. नळी लावली, आणि तेवढ्याच मिक्समध्ये कोन वाढले. हवा विकतो म्हणा हवं तर, पण मऊपणा हवेचाच.

धुणं रोज रात्री, पाऊण तास. दुधाचं काम आहे, कंटाळा असेल त्याने कोकम सोडा विकावा. व्होल्टेजचा स्टॅबिलायझर मी घासाघीस न करता घेतला, मे महिन्यात संध्याकाळी दिवे मिणमिणायचे तेव्हा तो वसूल झाला.

ग्रीस बदलून आज २६ दिवस झाले. काल रात्री वाटीत चमचाभरही नव्हतं. वाटी मात्र अजून तिथेच आहे.