८९,७०० रुपयांचा छोटा गेमिंग पीसी आणि त्यातून निघालेला माल

सोलापूर शहरातील एका दुकानाने मला ८९,७०० रुपयांना जो गेमिंग संगणक बांधून दिला, त्यात नव्या खोक्यात घालून दिलेले जुने ग्राफिक्स कार्ड (गेमची चित्रे पडद्यावर उमटवणारा भाग), ६५० वॅटच्या स्टिकरखाली दडवलेला ३०० वॅटचा पॉवर सप्लाय (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि नॉक्टुआ या कंपनीच्या नावावर खपवलेला बिननावाचा कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा भाग) निघाला. दुकानाचे नाव येथे देत नाही, कारण वकिलांनी तसे बजावले आहे. मी संगणकातला अडाणी माणूस नाही. घरातला आधीचा मोठ्या कॅबिनेटचा संगणक मी स्वतः जोडला होता, आणि म्हणूनच या प्रकाराची चीड अधिक येते.

जुळे सोलापुरातले आमचे घर लहान आहे आणि कामानिमित्त अनेकदा काही आठवडे पुण्यात राहावे लागते, म्हणून रेल्वेत पाठीवरच्या बॅगेतून नेता येईल असा संगणक मला हवा होता. ऑनलाइन मागवलेल्या पार्सलमधून साबणाच्या वड्या निघाल्याच्या कहाण्या सर्वांना ठाऊक आहेत. समोर माणूस बसलेला असावा, अडचण आली तर स्कूटरवरून जाऊन जाब विचारता यावा, एवढ्याच हिशेबाने मी गावातले दुकान निवडले, आणि हा हिशेब आजही मला चुकीचा वाटत नाही.

कोटेशन दुकानदाराने साध्या कागदावर लिहून दिले. रायझन ५ ५६०० प्रोसेसर १२,५०० रुपये, बी५५० चिपसेटचा मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा, मदरबोर्ड (सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटी) १४,८००, आरटीएक्स ३०६० चे १२ जीबीचे नवे कार्ड २७,५००, १६ जीबी रॅम ४,२००, १ टीबी एसएसडी ५,६००, ६५० वॅटचा ८० प्लस गोल्ड दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) एसएफएक्स, म्हणजे छोट्या आकाराचा, पॉवर सप्लाय १०,९००, कॅबिनेट ८,३५०, नॉक्टुआचा ३७ मिलिमीटर उंचीचा कूलर ४,६५० आणि जोडणीचे १,२०० रुपये. आगाऊ २०,००० आणि उरलेले ६९,७०० दोन्ही यूपीआयने दिले. रोखीने दिले असते तर आज माझ्याकडे काहीच उरले नसते, तेव्हा निदान एवढे तरी पाळा.

मोठ्या कॅबिनेटमध्ये काच लावलेली बाजू असते आणि आतला प्रत्येक भाग नजरेस पडतो. छोट्या कॅबिनेटमध्ये मात्र १७० बाय १७० मिलिमीटरचा मदरबोर्ड एका बाजूला, ग्राफिक्स कार्ड रायझर केबलने (कार्ड मदरबोर्डला जोडणाऱ्या वायरीने) मागच्या बाजूला आणि पॉवर सप्लाय पुढच्या कोपऱ्यात अशी ठासून भरलेली रचना असते. पॉवर सप्लायवरचे लेबल आतल्या पत्र्याकडे तोंड करून बसते, आणि ते वाचायचे तर कंस सोडवून, वायरी उपसून अर्धा संगणक मोकळा करावा लागतो. कूलरचा तळ तांब्याचा आहे की ॲल्युमिनियमचा, हे तर तो काढल्याशिवाय दिसतच नाही. त्यातच दुकानदाराने कॅबिनेटच्या स्क्रूंवर ‘वॉरंटी सील’ची चिकटपट्टी लावून ठेवली आणि ती फाटली तर बदलून मिळणार नाही, असे बजावले. ज्याला माल दाखवायचा नाही त्याला याहून सोयीची जागा कोणती मिळणार? विक्रेत्याचे सील कॅबिनेटवर लावू देऊ नका. सील लावायचेच असेल तर सुट्या भागांवर असावे, आणि तेही उत्पादक कंपनीचे.

ज्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवे होते असे आता सगळे मला सांगतात, तो क्षण ताबा घेण्याच्या दिवशीचा. जानेवारी महिना होता, गड्ड्याची यात्रा भरलेली होती, बाहेर हवा थंड होती, तरीही दुकानात एसी चालू होता आणि भिंतीवरच्या यंत्रावर २२ अंश दिसत होते. संगणक टेबलावर चालू करून ठेवलेला होता, एक गेम सुरू होता आणि पडद्याच्या कोपऱ्यात ग्राफिक्स कार्डचे तापमान ७१ अंश झळकत होते. कॅबिनेटचे दोन्ही बाजूंचे पत्रे काढून शेजारच्या खुर्चीवर ठेवलेले होते. मी विचारले, “पत्रे का काढलेत?” दुकानदार हसून म्हणाला, “साहेब, लावताना ओरखडा पडतो. निघताना लावून देतो की.” मीही हसलो.

तो ७१ चा आकडा मला अजून झोपू देत नाही. खोलीचे तापमान जितके अंश चढते, साधारण तितकेच अंश आतल्या भागांचेही चढते, हे मला त्या दिवशीही माहीत होते. २२ अंशांच्या खोलीत, दोन्ही बाजू उघड्या असताना ७१, तर मे महिन्यात ३८ अंशांच्या खोलीत तोच आकडा ८७ च्या घरात जाणार, आणि पत्रे लावल्यावर त्याहूनही वर. हे गणित शाळकरी मुलाला जमेल. पण समोर नवा संगणक चालू असताना, विक्रेता कार्डचे खोके हातात देत असताना, खरेदीच्या आनंदात कोण बेरजा करत बसतो? खोक्यावरचा सिरीयल नंबर आणि कार्डवरचा सिरीयल नंबर ताडून पाहायचा, तर कार्ड आधीच कॅबिनेटच्या पोटात गेलेले होते. जोडणी तुमच्या डोळ्यांसमोर होत नसेल तर आगाऊ रक्कमसुद्धा देऊ नका, आणि प्रत्येक भाग आत बसण्यापूर्वी त्याच्या लेबलचा फोटो घ्या.

आणखी एक खूण होती. ५६०० हा प्रोसेसर खोक्यासकट घेतला तर सोबत एएमडीचा रेथ स्टेल्थ कूलर मोफत येतो. मला तो मिळाला नाही. विचारल्यावर उत्तर आले, “तो ५४ मिलिमीटरचा आहे, तुमच्या कॅबिनेटमध्ये बसणार नाही.” उत्तर तांत्रिकदृष्ट्या अगदी खरे होते, म्हणूनच मी गप्प बसलो. बसत नसला तरी माझ्या पैशांतला तो कूलर गेला कुठे, हा प्रश्न घरी पोहोचल्यावर पडला. अर्धे खरे बोलणारा विक्रेता धडधडीत खोटे बोलणाऱ्यापेक्षा घातक असतो.

बिल मिळाले, जीएसटीसह मिळाले, पण त्यावर एकच ओळ होती: ‘संगणक संच, १ नग, ८९,७०० रुपये’. ना मॉडेल, ना सिरीयल नंबर. कोटेशनच्या कागदावर शिक्का नव्हता. बिलावर प्रत्येक भागाचे पूर्ण नाव आणि सिरीयल नंबर नसेल तर ते बिल तुमच्यासाठी नाही, दुकानदाराच्या बचावासाठी आहे.

फेब्रुवारी सुरळीत गेला. मार्चच्या अखेरीस ऊन तापू लागले आणि गेम सुरू करताच संगणक अचानक बंद पडू लागला. दुकानदाराने दोष आमच्या घरातल्या विजेला दिला. सोलापुरात विजेचा दाब खाली-वर होतो हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे मलाही ते पटले आणि त्याच्याच सल्ल्याने ५,७५० रुपयांचा यूपीएस घेतला, तोही त्याच्याकडूनच. फरक शून्य. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार गेला तेव्हा प्रोसेसर ९० अंशांना टेकून स्वतःचा वेग कमी करू लागला. ९० ही या प्रोसेसरची कमाल मर्यादाच आहे. पंख्यांचा आवाज असा की शेजारच्या खोलीत माग चालू असल्यासारखे वाटे. आता दुकानदाराचे म्हणणे बदलले: “छोटा पीसी गरम होणारच, तुम्हीच छोटा मागितला होता.” शिवाय माल बदलून देण्याची त्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच संपली होती. हिवाळ्यात विकायचे आणि उन्हाळ्यात हात वर करायचे, इतकी साधी ही युक्ती आहे. छोटा संगणक घ्यायचाच असेल तर एप्रिल-मेमध्ये घ्या, आणि एसी बंद करून, पत्रे लावून निदान तासभर पूर्ण भारावर चालवून पाहा.

शेवटी दुसऱ्या एका तंत्रज्ञाला ७०० रुपये देऊन संगणक उघडून घेतला आणि सगळ्याचे चित्रीकरण केले. पॉवर सप्लायवरचे ६५० वॅटचे स्टिकर नखाने सुटले आणि खाली ३०० वॅटचे मूळ लेबल निघाले. आरटीएक्स ३०६० एकटे १७० वॅट मागते, प्रोसेसर पूर्ण भारावर ७६ वॅटपर्यंत जातो, त्यावर मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे. म्हणजे हलक्या दर्जाचा तो सप्लाय रोज आपल्या मर्यादेवर उभा होता. त्याहून भयंकर म्हणजे कार्डला वीज देणारी ८-पिनची जोडणी सप्लायची स्वतःची नव्हती. एका मोलेक्स जोडणीला (जुन्या पद्धतीच्या ४-पिनच्या) रूपांतराची वायर लावून वर काळे आवरण चढवले होते. ८-पिनच्या जोडणीतून १५० वॅटपर्यंत वीज जाणे अपेक्षित असते, आणि मोलेक्सचे प्लास्टिक एका बाजूने वितळायला लागलेले होते. घरात आग लागली असती तर तीही आमच्याच विजेच्या माथी मारली गेली असती.

कूलरचा पंखा नॉक्टुआसारखा तपकिरी होता, पण खाली तांब्याची एकही नळी नव्हती, नुसता ॲल्युमिनियमचा ठोकळा होता. कार्डवरचा सिरीयल नंबर खोक्यावरच्या नंबराशी जुळला नाही, आणि उत्पादकाकडे तपासल्यावर त्याची वॉरंटी आधीच संपलेली निघाली. त्याच्या थर्मल पॅडमधून (चिपची उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्यांतून) तेल सुटले होते. कार्ड मायनिंगमध्ये (कूटचलन मिळवण्यासाठी दिवसरात्र चालवण्यात) वापरलेले असावे, असा तंत्रज्ञाचा अंदाज आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या कूटचलनाची ग्राफिक्स कार्डवरची मायनिंग बंद झाली आणि अशी वापरलेली कार्डे बाजारात ओतली गेली. जुने कार्ड जुने म्हणून निम्म्या किमतीत मिळाले असते तर माझी तक्रार नव्हती.

यानंतर सुरू झाला तो दुसरा छळ. पोलीस ठाण्यात हवालदारांनी कागद उलटसुलट पाहून विचारले, “संगणक चालू होतो का?” मी म्हणालो, होतो, पण बंद पडतो. “मग दुरुस्त करून घ्या, हा दिवाणी मामला आहे.” स्टिकरवर स्टिकर चिकटवणे ही फसवणूक नाही का, असे विचारल्यावर वरिष्ठांना भेटा म्हणाले. वरिष्ठ म्हणाले, पैसे यूपीआयने दिलेत, तर सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, व्यवहार दुकानात समोरासमोर झाला आहे, आमच्याकडे कशाला आलात? पुन्हा ठाण्यात गेलो तर साहेब बंदोबस्ताला गेलेले. भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ फसवणुकीसाठीच आहे, हे मी, म्हणजे तक्रारदाराने, त्यांना मोबाइलवर वाचून दाखवावे लागले, आणि त्यावर “तुम्हीच वकील झालात की” असा शेरा ऐकावा लागला. कर कार्यालयात सांगितले की बिलावर कर भरलेला आहे, तेव्हा आमच्या दृष्टीने सर्व ठीक आहे. एका मदतवाहिनीवर तक्रार नोंदवली, तिचा क्रमांक आला, मग संदेश आला की व्यापाऱ्याने प्रतिसाद दिला नाही, आणि त्याच कारणाने तक्रार बंद करण्यात आली! म्हणजे ज्याने उत्तर द्यायचे तो गप्प बसला की प्रकरण मिटले. चोराला नोटीस घेण्याची सक्ती नाही आणि चोरी झालेल्याला मात्र शिक्क्याच्या कागदाची सक्ती, असा हा कारभार आहे. वितळलेला जोड मी पिशवीतून घेऊन फिरलो, पण तो हातात घेऊन पाहण्याची तसदी एकाही कार्यालयाने घेतली नाही.

आतापर्यंतचा हिशेब असा: यूपीएस ५,७५०, तंत्रज्ञ ७००, नवा पॉवर सप्लाय ११,२००, नवा कूलर ३,९५०. एकूण २१,६०० रुपये जादा गेले, आणि जुन्या कार्डसाठी दिलेले २७,५०० वेगळे. नव्या सप्लायने संगणक बंद पडायचा थांबला. तरीही पडदा मधूनच काळा होई, कारण रायझर केबल जनरेशन ३ ची, म्हणजे जुन्या, कमी वेगाची होती आणि कार्ड जनरेशन ४ चे. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातली जोडणी, जनरेशन ३ वर स्थिर केल्यावर तेही थांबले. असा त्रास कुणाला असेल तर पैसे खर्च करण्याआधी हे करून पाहा, वेगात फारसा फरक पडत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार स्वतः करता येते, व्यवहार ५ लाख रुपयांपर्यंतचा असेल तर शुल्क लागत नाही, आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दाद मागता येते. हे मला एकाही कार्यालयाने सांगितले नाही, स्वतः शोधावे लागले. एका वकिलांनी १५,००० रुपये मागितले, ते दिले नाहीत. त्यांचा नाव न घेण्याचा सल्ला तेवढा फुकट घेतला. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर मी स्वतः तक्रार दाखल केली आहे आणि सोबत चित्रीकरण, दोन्ही सिरीयल नंबरांचे फोटो, यूपीआयच्या पावत्या आणि तंत्रज्ञाचे सहीचे लेखी निवेदन जोडले आहे. मुदत दोन वर्षांची असते. शहरात आणखी कुणाकडे ‘संगणक संच, १ नग’ अशा एका ओळीचे बिल असेल, तर सील फाडण्यापूर्वी चित्रीकरण सुरू करा आणि सर्वांत आधी पॉवर सप्लायच्या स्टिकरची कड नखाने उचलून पाहा.