पुनर्बांधणीचं टेंडर भरताना आधी बघा: पैसा कोणाचा?

युद्ध थांबलं की खर्च कोणी उचलायचा यावर देशांमध्ये रस्सीखेच सुरू होते. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या विजेची पॅनेल आणि स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी उपकरणं) बनवणाऱ्यांना ही बातमी लांबची वाटते, पण तोच वाद पुढे टेंडरच्या पात्रतेच्या कलमात उतरतो. दर काढायच्या आधी ते कलम वाचा.

एकाच देशाचा पैसा असेल तर दार अरुंद असतं. ऑक्टोबर 2003 मध्ये माद्रिदच्या परिषदेत इराकच्या पुनर्बांधणीसाठी सुमारे 33 अब्ज डॉलरची आश्वासनं मिळाली, त्यात सर्वांत मोठा वाटा अमेरिकेचा. डिसेंबरमध्ये अमेरिकेने स्वतःच्या पैशातली 18.6 अब्ज डॉलरपर्यंतची मुख्य कंत्राटं 63 देशांच्या कंपन्यांपुरती मर्यादित केली. युद्धाला विरोध करणारे फ्रान्स, जर्मनी, रशिया बाहेर राहिले. भारतही यादीत नव्हता. पोटकंत्राटाला मात्र बंदी नव्हती. अशा कामात मोठ्या कंत्राटदाराच्या हाताखालीच शिरता येतं. तिथे ‘आम्हाला पैसे आले की तुम्हाला’ हे कलम अजिबात मान्य करू नका, एलसी (पैशाची हमी देणारं बँकेचं पत्र) मागा.

जागतिक बँकेचा पैसा लहान कारखान्याला जास्त मानवतो. काळ्या यादीतल्या किंवा निर्बंध असलेल्या कंपन्या सोडल्या तर कोणत्याही देशाची कंपनी बोली लावू शकते. परदेशातून येणाऱ्या मालासाठी नमुना कागदपत्रांत साधारण 10 टक्के आगाऊ (तेवढ्याच बँक गॅरंटीवर), 80 टक्के माल जहाजावर चढल्यावर आणि 10 टक्के स्वीकृतीनंतर असं पेमेंट असतं. अडकतात ते शेवटचे 10 टक्के. सबस्टेशनचं बांधकामच झालेलं नसतं, मग पॅनेल गोदामात पडून राहतं आणि स्वीकृतीवर सही होत नाही. किती दिवसांनी स्वीकृती झाली असं मानणार, हे बोलीआधीच्या (प्री-बिड) बैठकीतच लेखी विचारून घ्या.

युक्रेनची गोष्ट सर्वांत गुंतागुंतीची. फेब्रुवारी 2025 च्या अंदाजानुसार दहा वर्षांची पुनर्बांधणीची गरज 524 अब्ज डॉलर. रशियाची गोठवलेली सुमारे 300 अब्ज डॉलरची मालमत्ता त्यासाठी वापरा, ही मागणी न्याय्य आहे. पण त्यातला मोठा हिस्सा बेल्जियममधल्या युरोक्लिअर या रोखे सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे आणि उद्या दावे अंगावर येतील म्हणून बेल्जियम अडून बसला. जी-7 ने 2024 मध्ये त्या मालमत्तेच्या नफ्यावर फेडायचं 50 अब्ज डॉलरचं कर्ज ठरवलं. डिसेंबर 2025 मध्ये युरोपीय संघाने गोठवलेली मूळ रक्कम (मुद्दल) न वापरता बाजारातून 90 अब्ज युरो उभारायचं ठरवलं, तेही लष्करी आणि अर्थसंकल्पी गरजांसाठी. या मुद्दलाच्या भरवशावर तांबं भरून ठेवू नका.

तांत्रिक बाजूने इराक सोपा: वीजवाहिन्या 11 आणि 33 केव्ही (किलोव्होल्ट), आपल्यासारखंच. युक्रेनमध्ये 6, 10 आणि 35 केव्ही. 10 केव्हीला आपलं 12 केव्ही वर्गाचं पॅनेल चालतं, पण 35 ला 36 केव्हीचा टाइप टेस्ट रिपोर्ट (नमुना पॅनेलच्या चाचणीचा अहवाल) पुरत नाही, तिथे 40.5 केव्ही लागतं. बोली इथेच बाद होते.

आमचा कौल जागतिक बँकेच्या पैशाला, त्यातही इराकमधल्या 11 केव्हीच्या कामाला. फक्त त्या देशासाठी ईसीजीसी (निर्यातीचे पैसे बुडण्याचा विमा देणारी सरकारी कंपनी) आज किती संरक्षण देते, हे बिड सिक्युरिटी (बोलीसोबतची अनामत) काढण्याआधी विचारा.