तळघरातली काचेच्या विटांची खिडकी: दीड वर्ष वापरल्यावर

राणी आणि डाळिंबी यांतला फरक ट्यूबलाइटखाली कळत नाही. ज्यांनी कधी साडीला फॉल लावलाय त्यांना हे सांगायला नको. माझं शिवणकाम नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला, घराच्या तळघरात चालतं. बावीस वर्षं मी रीळ आणि साडी घेऊन जिना चढायची, अंगणात रंग जुळवायची आणि परत खाली यायची. त्यामुळे हा रिव्ह्यू गुडघ्यांच्या वतीनेही आहे.

आधीची खिडकी लोखंडी चौकटीची, चार फूट बाय दोन फूट, अंगणाच्या फरशीपासून जेमतेम सहा इंच वर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काय झालं ते आमच्या भागात कोणी विसरणार नाही. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला आणि अंबाझरी तलाव ओसंडला. पाणी आधी खिडकीतून आलं, मग जिन्यावरून. दोन मशीन आणि लग्नघरचे अकरा ब्लाउज चिखलात. मशीन सुधारल्या. ब्लाउजचे पैसे मी भरून दिले, तो विषय इथे नको.

खिडकी विटांनी बुजवून टाका, असं आमचे हे म्हणत होते. भाच्याने काचेच्या विटा सुचवल्या. एक वीट १९० बाय १९० मिलिमीटर, जाडी ८०. काचेच्या दोन चौकोनी वाट्या तोंडाला तोंड लावून जोडलेल्या, आत पोकळ. दहा मिलिमीटरची सांध धरली तर चार बाय दोनच्या जागेत आडव्या सहा, उभ्या तीन, नेमक्या अठरा बसतात. हे आधी मोजून घ्या, कारण ही वीट पोकळ आहे, कापली की संपली. इतवारीतून २४० रुपयांना एक अशा वीस आणल्या. एकीचा कोपरा तडकलेला निघाला, दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिली. लहरीदार नक्षीच्या घेतल्या, म्हणजे उजेड येतो पण बाहेरून आतलं दिसत नाही. ब्लाउजचं माप घ्यायच्या खोलीला साधी पारदर्शक काच काय कामाची?

पहिल्या मिस्त्रीने आल्याबरोबर विटा बादलीत भिजत घातल्या. मातीच्या विटांसारख्या! त्याला चहा पाजून रवाना केलं.

दुसरा मिस्त्री मात्र खरा जाणकार निघाला. पहिल्या दिवशी एकच ओळ लावून तो हात धुवायला लागला. मी म्हटलं, भाऊ, एवढंच? तर म्हणाला, "काकू, काच पाणी पीत नाही. मातीच्या विटेत माल लगेच धरते, इथं तो ओलाच राहते. घाई केली तर खालची ओळ सरकून जाते." मालासाठी कन्हान नदीची रेती दोनदा चाळून पांढऱ्या सिमेंटमध्ये कालवली, तीही बेसनाच्या लाडवासारखी: मूठ वळली पाहिजे, पण हाताला पाणी सुटायला नको. विटांमध्ये अधिकच्या चिन्हासारखे प्लास्टिकचे तुकडे, आडव्या सांधीत न गंजणारी सहा मिलिमीटरची सळई. वर आणि दोन्ही बाजूंना मात्र माल भरलाच नाही, फोमची पट्टी ठेवली आणि बाहेरून सिलिकॉन मारलं. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, भिंत थोडी तरी हलतेच. काच आवळून बसवली तर ती तडकते. भिंतीचा भारही या विटांवर येऊ देत नाहीत, म्हणून वरचं लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी पट्टी, त्याने आधी ठोकून पाहिली. सांडलेला माल ओल्या फडक्याने तेव्हाच्या तेव्हा पुसला, वाळल्यावर घासला तर काचेवर ओरखडे येतात. तीन दिवस, तो आणि एक रेजा (मजूर बाई), मजुरी ५,५०० रुपये. रुपयाही जास्त वाटला नाही.

आता माझी चूक. वरच्या ओळीत दोन विटांची जागा हवेसाठी सोडा, असं तो तीनदा म्हणाला. पाण्याची धास्ती इतकी बसली होती की मी ऐकलंच नाही, सगळं बंद करायला लावलं. फेब्रुवारीत खिडकी झाली, ऑगस्टपर्यंत तळघराला कुबट वास आणि अस्तराच्या ताग्याला काळे ठिपके. ऑक्टोबरमध्ये त्यालाच बोलावून दोन विटा फोडून काढल्या, तिथे झडपेचा छोटा पंखा बसवला, वर पत्र्याची टोपी. छिन्नीच्या ठोक्याने शेजारची तिसरीही गेली. हे सगळं मिळून २,८०० रुपये, निव्वळ माझ्या हट्टाचे. तो बिचारा "म्हटलं होतं ना" एवढंही बोलला नाही.

उजेड? सकाळी दहा ते चार दिवा लागत नाही. खिडकी पश्चिमेला आहे, त्यामुळे मे महिन्यात दुपारनंतर ऊन आत उतरतंच, नवतपाच्या नऊ कडक दिवसांत बाहेरून हिरवी नेट बांधावी लागते. कूलरची खिडकी म्हणून हिचा उपयोग नाही, कूलर जिन्याच्या दाराशी गेला. या जुलैत अंगणात घोटाभर पाणी साचलं होतं, आत खिडकीच्या कडेला हात फिरवून पाहिला, कोरडं. जिन्यावरून येणारं पाणी अर्थात काच अडवत नाही, त्यासाठी वरच्या दाराला फूटभर उंच उंबरा वेगळा घातला. आणि ही खिडकी उघडत नाही. तळघराला बाहेर पडायला दुसरी वाट नसेल तर आधी तिचा विचार करा.

जास्तीच्या दोन विटांपैकी एक त्या तिसऱ्या विटेच्या जागी गेली. उरलेली एक दोन किलोच्या वर भरते. कापड बेतताना ते सरकू नये म्हणून ती मी टेबलावर ठेवते.