पाणी वापर संस्थेची सर्व्हिस, टेलवरून रिव्ह्यू : 5 पैकी 4 स्टार

आमच्या मायनरचं, म्हणजे कालव्याच्या छोट्या फाट्याचं, पाणी आता आम्हा शेतकऱ्यांचीच पाणी वापर संस्था वाटते. 'संस्था करावी का' असं बरेच जण विचारतात म्हणून टेलचा, म्हणजे मायनरच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी म्हणून लिहितोय.

आधीचं टेलवाल्यांना सांगायला नकोच. पाणी मागणीचा 7 नंबरचा फॉर्म भरा, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या मागे फिरा आणि हेडचा (वरच्या टोकाचा) ऊस भिजून उरलं तर पाणी नाहीतर आवर्तन (कालव्याची पाण्याची पाळी) बंद. पाणीपट्टी पीक आणि क्षेत्रावर, पाणी किती ओढलं त्याचा हिशोबच नाही, मग हेडला कोण कशाला हात आखडता घेईल?

महाराष्ट्राच्या 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने हे बदललं. पाटबंधारे खात्याने संस्थेला पाणी मोजून द्यायचं, पट्टी घनमीटरवर, पीक कुठलं ते शेतकऱ्याने ठरवायचं आणि संचालक मंडळात हेड, मधले, टेल सगळ्यांचे सारखे लोक. वाटप टेलकडून वर. आमच्याकडे हे खरंच पाळतात, शेजपाळीचा (कुणाला कधी पाणी त्या क्रमाचा) कागद आवर्तनाआधी लागतो, त्यावर नावापुढे वेळ असते, रात्रीची तर रात्रीची. हरभऱ्याला घाटे भरताना पाणी मिळालं, टेलला! यासाठीच 4 स्टार.

एक स्टार कापला तो मोजमापाचा. फ्ल्यूमच्या (पाणी मोजायच्या अरुंद पक्क्या नाळीच्या) खालच्या अंगाला गाळ-गवत साचलं की पाणी तुंबतं, गेजवर (उंची मोजायच्या पट्टीवर) उंची जास्त दिसते आणि उंचीवरून प्रवाह काढायच्या तक्त्यावरून डिस्चार्जही जास्त निघतो, म्हणजे न मिळालेलं पाणी आपल्या नावावर आणि कोट्यातूनही (संस्थेला ठरवून दिलेल्या पाण्यातूनही) वजा. तक्रार केली तर तक्त्यात आहे तेच धरणार असं उत्तर आलं. मग पोरांनीच फावडी घेऊन गाळ काढला, आता रीडिंग आमचा माणूस आणि कालवा निरीक्षक सोबत घेतात, दोघांच्या सह्या होतात. कोटा मात्र अजून पेरण्या उरकल्यावर कळतो, हे फार चुकीचं आहे, गहू करायचा का हरभरा ते त्यावरच ठरतं ना.

आणि हे फक्त मायनरपुरतं नाही. मायनरवर टेल मी, तसं वरच्या गोदावरीत टेल म्हणजे जायकवाडी धरण. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशात 15 ऑक्टोबरला जायकवाडी 65 टक्क्यांखाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं असं आहे, तरी टंचाई पडली की आंदोलनं आणि कोर्ट सुरूच. खाली किती पोचलं, वाटेत किती जिरलं यावर दोन्हीकडचा विश्वास बसेल असं मोजमाप तिथेही पाहिजेच.

नवीन संस्था करणाऱ्यांनी दिंडोरी तालुक्यातलं वाघाड बघून या, तिथे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी शेतकऱ्यांच्या संस्था वाटतात. आणि खात्याकडून चारी (शेतापर्यंतचा पाट) ताब्यात घेताना हस्तांतरणाच्या कागदावर सही करायच्या आधी खात्याबरोबरच्या संयुक्त पाहणीत सगळी चारी पायी फिरा, फुटकी गेटं, फ्ल्यूम, गेजपट्टी सगळं लिहून घ्या आणि दुरुस्त झाल्यावरच सही करा, नंतर तो खर्च संस्थेच्याच गळ्यात पडतो.