वजनाचे साप्ताहिक इंजेक्शन : नागपुरातील सात महिने

वजन उतरवण्याचे टिर्झेपेटाइड हे इंजेक्शन भारतात मार्च २०२५ मध्ये मिळू लागले आणि पुढच्याच महिन्यात धंतोलीतील माझ्या डॉक्टरांनी ते मला लिहून दिले. वय ५२, उंची १६८ सेंटिमीटर, वजन ९८ किलो आणि जोडीला रक्तदाबाची गोळी, अशी माझी तेव्हाची अवस्था होती. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, ३० च्या वर असेल, किंवा २७ च्या वर असून वजनाशी निगडित एखादा आजार असेल, तरच हे औषध देतात. चार-पाच किलो उतरवून लग्नात मिरवण्यासाठी ते नाही, हे डॉक्टरांनी आधीच बजावले. त्यानंतरच्या सात महिन्यांचा हा अभिप्राय आहे.

आमच्या कार्यालयात या औषधाला सर्रास ‘चरबी वितळवणारे इंजेक्शन’ म्हणतात, आणि हे नाव साफ चुकीचे आहे. ते काहीही वितळवत नाही. ते खाणे कमी करते. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ आणि जीआयपी ही दोन संप्रेरके सुटतात. त्यांपैकी शरीरात तयार होणारे जीएलपी-१ एक-दोन मिनिटांतच निकामी होते, तर त्या दोघांची नक्कल करणारे हे औषध अर्धे ओसरायला सुमारे पाच दिवस घेते, म्हणून आठवड्यातून एकदा टोचले तरी पुरते. मेंदूतील भूक-तृप्तीच्या केंद्रांवर त्याचा परिणाम होतो आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. हा दुसरा परिणाम सुरुवातीला तीव्र असतो व पुढे बराच ओसरतो. याच वर्गातील सेमाग्लुटाइडच्या एका चाचणीत वीस आठवड्यांनंतर लोकांना हवे तितके जेवू दिले, तेव्हा औषध घेणाऱ्यांच्या पोटात त्या जेवणातून ३५ टक्के कमी कॅलरी गेल्या. वजन उतरण्याचे मुख्य कारण हेच आहे.

हे प्रत्यक्षात कसे जाणवते, ते तर्री पोह्यांच्या प्लेटवर कळले. मे महिन्यातील एका रविवारी सकाळी सीताबर्डीत नेहमीच्या ठेल्यावर उभा होतो. एरवी दोन प्लेट आणि वर ‘थोडी तर्री अजून’ हा माझा शिरस्ता. त्या दिवशी अर्धी प्लेट संपली, हरभरे तळाशी दिसत होते, तर्रीचा तवंग अजून हलत होता, आणि चमचा आपोआप खाली ठेवला गेला. मळमळ नव्हती, कंटाळाही नव्हता. पुढचा घास घ्यावा असे वाटलेच नाही, एवढेच. त्याहून नवल वाटले ते दुपारी चार वाजता, कारण त्या वेळी डोक्यात समोशाचा विचार सुरू होतो, तो आलाच नाही. घरी मात्र याचा वेगळा अर्थ निघाला. वहिनींनी गोळाभातावर हिंग-मोहरीचे कढत तेल सोडले आणि मी दोन घासांत हात आखडता घेतला, तेव्हा त्या म्हणाल्या, “काहून जी भाऊजी, आमच्या हातचं आवडत नाही काय आता?” त्यांना संप्रेरके समजावण्यापेक्षा आणखी एक गोळा खाणे सोपे होते, तो खाल्ला आणि संध्याकाळपर्यंत छातीशी दगड ठेवल्यासारखे झाले.

औषध सुरू करण्यापूर्वी मी आठवडाभर खाण्याची नोंद ठेवली होती. रोजची सरासरी २४०० कॅलरींच्या आसपास होती. जूनमध्ये तीच १३५० वर आली. पण आहारतज्ज्ञांनी वही उलटून पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली, कारण दिवसाला जेमतेम ४० ग्रॅम प्रथिने पोटात जात होती. भूक नसताना माणूस सहज गिळता येईल तेच खातो, आणि माझ्या बाबतीत ते म्हणजे चहा आणि बिस्किटे होती. किती खायचे हे इंजेक्शन ठरवते, काय खायचे हे ठरवत नाही. हा फरक मला कोणी पहिल्याच दिवशी ठासून सांगायला हवा होता. टिर्झेपेटाइडच्या मोठ्या चाचणीतही उतरलेल्या वजनाचा सुमारे चतुर्थांश भाग चरबीचा नव्हता, आणि त्यात स्नायूही येतात. मला हे वजनकाट्यावर नव्हे, भरलेले गॅस सिलिंडर उचलताना कळले. त्यानंतर जेवणाची सुरुवात अंडी, पनीर किंवा घट्ट वरणाने करू लागलो आणि आठवड्यातून तीन दिवस वजने उचलण्याचा व्यायाम धरला.

चयापचयाबद्दल व्यायामशाळेत जे ऐकायला मिळते, त्यावर विश्वास ठेवू नये. या औषधाने चयापचय ‘भडकतो’ असे मानायला आधार नाही. उलट शरीर हलके झाले की विश्रांतीतही ते कमी कॅलरी खर्चते, कारण पोसायचे ओझेच कमी झालेले असते. सप्टेंबरमध्ये माझे वजन ८७ किलोवर पाच आठवडे अडले. वही पाहिली तर खाणे गुपचूप १७०० कॅलरींवर पोचले होते, आणि ८७ किलोच्या माझ्या शरीराचा खर्च आता ९८ किलोच्या माणसाइतका राहिला नव्हता. औषध बिघडले नव्हते, हिशेब जुळला होता.

त्रासाचे म्हणाल तर बद्धकोष्ठता सतत आणि मळमळ टोचल्यानंतरचे दोन दिवस. डोस वाढवला त्याच आठवड्यात सावजी मटण खाण्याचा अगोचरपणा केला आणि रात्रभर सडक्या अंड्यासारखे ढेकर देत बसलो. पहाटे उलटी झाली तेव्हा कुठे सुटलो. पित्ताशयाचे खडे, स्वादुपिंडाचा दाह हे धोके नोंदलेले आहेत, आणि घरात कोणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असल्यास हे औषध घेताच येत नाही.

नागपूरकरांनी एक गोष्ट विशेष जपावी. कुपी २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायची असते. बाहेर ठेवलीच तर ३० अंशांच्या आत आणि २१ दिवसांपर्यंत. आपल्याकडे मे महिन्यात ३० अंशांची खोली फक्त स्वप्नात असते. एका औषधदुकानाने भर दुपारी स्कूटरवरून साध्या प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फाशिवाय, कुपी घरी पाठवली. हाताला ती चक्क कोमट लागली. मी ती परत केली, तर दुकानदार म्हणाले की काही होत नाही, सगळे असेच नेतात. तेव्हापासून थर्मासची पिशवी घेऊन स्वतः जातो.

खर्च सोसवणारा नाही. अडीच मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना पडली, म्हणजे चार आठवड्यांचे १४,००० रुपये, आणि हा डोस वजन उतरवण्यासाठी नसून पोटाला सवय लावण्यासाठी असतो. पाच मिलिग्रॅमचे महिन्याला १७,५०० रुपये झाले. शिवाय हे थांबवायचे कधी, याचे उत्तर बिलावर नसते. याच औषधाच्या एका चाचणीत ३६ आठवड्यांत सरासरी २०.९ टक्के वजन उतरल्यावर निम्म्या लोकांना नकळत औषध नसलेले खोटे इंजेक्शन दिले गेले. पुढच्या ५२ आठवड्यांत त्यांचे वजन १४ टक्के वाढले, तर औषध चालू ठेवणाऱ्यांचे आणखी साडेपाच टक्के घटले.

अकरा किलो गेले, रक्तदाबाची गोळी अर्धी झाली, आणि दिवाळीत चकल्यांचा डबा माझ्यासमोर दोन दिवस उघडा राहिला. डिसेंबरपर्यंत पाच मिलिग्रॅमवरच राहायचे आणि मग डॉक्टरांशी बोलायचे, असे ठरले आहे. तोवर फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्यामागे दोन कुप्या आहेत, आणि घरात कोणी ते भांडे हलवले की मी पाहायला जातो.